मरियामाउलीचा वाटा

नांग सेपाकडे घटकाभर बसायला म्हणून कोणी गेलं तर बसायला पाट मिळत नाही, सूप मिळतं. "बोलता बोलता एवढ्या बिया पाखडून टाक, दाय," म्हणते आणि सूप सरळ मांडीवर ठेवते. तिच्या आणि माझ्या घराला भिंत एकच, त्यामुळे तुबोद गावात तिच्या कोकोची सालं माझ्याइतकी कोणी उडवली नसतील. मी लुसिंग, तिच्याहून धाकटी, म्हणून ती मला दाय म्हणते आणि थोरली म्हणून आम्ही तिला नांग. रविवारी चर्चच्या दारात आलं घातलेला चिकट भात आणि आंबा विकते, आणि आत माइकवर गावाच्या सूचना वाचते. आवाज मोठा आहे म्हणून फादरनी काम दिलं. बाहेर तो कमी कर म्हणतात, आत वाढव म्हणतात, माणसाने करायचं काय?

सेपा दिसायला बारकी आहे, पण तिच्यासमोर खोटं बोलायला छाती लागते. कोकोच्या वड्या करणं हा तिचा धंदा. बिया भाजायच्या, सोलायच्या, दगडी जात्यावर दळायच्या आणि गरम लगद्याच्या तळहाताएवढ्या चकत्या थापायच्या. ईस्टर जवळ आला की सेबू शहरातली एक दुकानदार पोरगी तिच्याकडून टोपलीभर वड्या नेते. त्या पोरीच्या गिऱ्हाइकांना म्हणे आपल्या चॉकलेटमागे कोणाचं वाईट झालेलं चालत नाही, म्हणून प्रत्येक पुडीला एक चिठ्ठी बांधायची असते: या कोकोत कोणाचं नुकसान नाही. सेपा ती चिठ्ठी स्वतः बांधते आणि तिला ते शोभतंही. बाजारातली बी ती घरात घेत नाही. झाड कोणाचं, फळ कोणी फोडलं, वाळवलं कुठे, हे सगळं विचारून झाल्याशिवाय तिची कढई तापत नाही. एकदा माझ्या सख्ख्या भावाने आणलेल्या बिया तिने दारातूनच परत पाठवल्या, कारण त्याला फोडणाऱ्याचं नाव सांगता आलं नाही. भाऊ माझ्यावर रुसला. मी म्हटलं, माझ्यावर कशाला रुसतोस, तिच्यावर रुसून बघ.

पण एका गोणीबद्दल मात्र तिने कधी काही विचारलं नव्हतं. सुगातच्या गोणीबद्दल.

सुगात म्हणजे आमची ईस्टरची पहाट. पुरुष एका रस्त्याने मेलेल्यांतून उठलेल्या येशूची मूर्ती घेऊन येतात, आम्ही बायका दुसऱ्या रस्त्याने काळ्या ओढणीतली मरियामाउली घेऊन येतो. चौकात मायलेकरांची भेट होते. तिथे बांबूचा उंच मंच असतो, त्यावर पंख लावलेली एक मुलगी उभी असते. ती गाणं म्हणते आणि वाकून माउलीच्या डोक्यावरची काळी ओढणी काढते. की घंटा, फटाके, रडारड, सगळं एकदम. ओढणी एका ओढीत निघाली तर वर्ष चांगलं जातं. अडकली तर म्हाताऱ्या लगेच मागच्या वादळांची नावं घ्यायला लागतात. त्यानंतर सगळी मिरवणूक सेपाच्या अंगणात शिरते आणि तिच्या हातचं सिक्वाते पिते, कोकोच्या वडीचं, रवीने घुसळून फेस काढलेलं.

हा तिचा नवस आहे. तिचा मुलगा रोनिलो पहिल्यांदा जहाजावर गेला तेव्हा वादळात त्याच्या जहाजाची काही खबरच येईना. सेपा गुडघ्यांवर चालत माउलीसमोर गेली आणि म्हणाली, पोरगा घरी आला तर दर सुगातला सगळ्या गावाला सिक्वाते पाजीन, खऱ्या कोकोचं, डब्यातल्या पावडरीचं नाही. पोरगा आला. आला आणि चार दिवस लोळून पुन्हा जहाजावर गेला. अजून तिकडेच असतो, येतो नि जातो. त्यामुळे सेपाचा नवस कधी फिटतच नाही. जोवर रोनिलो पाण्यावर आहे तोवर तो चालूच.

एवढ्या माणसांना पुरेल इतका कोको सेपाच्या परसात कुठला असायला. दोन म्हातारी झाडं आहेत, त्यांची अर्धी फळं उंदीर खातात आणि उरलेली काळी पडतात. तेव्हा गोणी द्यायचा नोंग देल्फिन; थोरल्या पुरुषाला आम्ही नोंग म्हणतो. डोंगरावरच्या वाडीत त्याची कोकोची बाग आहे. रोनिलोचा तो धर्मपिता, म्हणून तो सेपाला मारे म्हणतो आणि ती त्याला पारे. उपासाच्या दिवसांत त्याचा माणूस येऊन सुक्या बियांची गोणी तिच्या ओट्यावर टेकवायचा: मरियामाउलीचा वाटा. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी मी माइकवर नावं वाचायची. फुलं अमक्याकडून, मेणबत्त्या तमक्याकडून, सुगातचा कोको श्री. देल्फिन अबेल्यानोसा आणि परिवार यांच्याकडून. माझं वाक्य संपेपर्यंत तो पहिल्या बाकावर कॉलर नीट करत असायचा. देवाच्या नावाने आलेल्या गोणीचं तोंड सोडताना ती कुठून आली हे विचारणं आमच्याकडे पाप मानतात. सेपानेही ते पाप कधी केलं नाही.

त्या वर्षी देवदूत म्हणून जोनाफेला निवडलं. डोंगरावरच्या वाडीतल्या एमेलिताची धाकटी, दात पडलेली, अंगाने काटकी, पण गळा असा की गायला लागली की माझ्या भाताच्या टोपलीवरच्या माशाही गप्प बसतात. एमेलिता आणि तिचा नवरा देल्फिनच्याच बागेत राबतात. पीक निम्मं त्याचं, निम्मं त्यांचं. वाडीतली मुलगी देवदूत होण्याची ती पहिलीच वेळ. गावातल्या दोन आयांची तोंडं वाकडी झाली, पण गळ्यापुढे काय बोलणार?

शिवणकाम सेपाकडे. पंख, झगा आणि हातमोजे. पांढऱ्या जाळीचे हातमोजे तिने स्वतःच्या लग्नाच्या झग्यातून कापले. घालून बघायला पोरीला बोलावलं तेव्हा मी तिथेच होते, मांडीवर सूप. उजवा हातमोजा छान बसला. डाव्याच्या वेळी पोर हात मागे घ्यायला लागली.

"काय ग?" सेपाने विचारलं.

"काही नाही, लोला." पोरं तिला लोला म्हणतात, म्हणजे आजी.

सेपाने तिची मूठ हळूच उघडली. अंगठ्याच्या बेचक्यापासून तळहातभर चिरा. काही जुन्या, पांढऱ्या पडलेल्या. एक ताजी, चिंधीने बांधलेली, आणि चिंधी चिकटून बसलेली.

"कशाने झालं?"

"फळं फोडताना. डाव्या हातात फळ धरायचं असतं ना, कधी कधी कोयता घसरतो."

"तुझी आई तुझ्या हातात कोयता देते?"

"घरच्या कोकोला नाही देत," जोनाफे घाईघाईने म्हणाली, आईला कोणी नाव ठेवू नये म्हणून. "घरचा आई आणि बाबाच फोडतात. मी फक्त मरियामाउलीचा वाटा फोडते, शाळेतून आल्यावर. तो आमच्या निम्म्यातून द्यायचा असतो, आणि त्यांना तेवढा वेळ नसतो. दर वर्षी मीच फोडते. आई म्हणते, माउलीचं काम करताना लागलेलं दुखत नाही."

"मग, दुखतं का?"

पोरीने आधी माझ्याकडे बघितलं, मग सेपाकडे. "दुखतं," ती म्हणाली. "पण मी आईला सांगितलं नाही."

सेपाने कोमट पाण्याने चिंधी सोडवली, जखम धुतली, औषध लावलं, स्वच्छ फडकं बांधलं. मी पोरीला भात बांधून दिला आणि ती उड्या मारत वर निघून गेली. सेपा ओट्यावर त्या वर्षीच्या गोणीसमोर बसली. गोणी दोनच दिवसांपूर्वी आली होती, तोंड अजून शिवलेलं होतं.

"नवस मी केला," ती म्हणाली, "आणि फेडतेय ती."

मी म्हटलं, "तू कुठे सांगितलं होतंस तिला फोडायला?"

"सांगितलं नव्हतं. विचारलंही नव्हतं. दाय, मी तुझ्या भावाला विचारलं, त्या विधवा मार्सियानाला विचारलं, सगळ्या जगाला विचारलं. आणि या गोणीपुढे मी फक्त क्रुसाची खूण करायचे." तिने डोळे पुसले नाहीत, नुसती रडत बसली. तिला असं रडताना मी तिच्या नवऱ्याच्या मातीलाही पाहिलं नव्हतं, आणि मला काय करावं ते सुचेना म्हणून मी पाखडलेल्याच बिया पुन्हा पाखडल्या.

दुसऱ्या दिवशी ती देल्फिनकडे गेली. मी सोबत गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण ती काय बोलते ते ऐकल्याशिवाय मला घास गेला नसता. देल्फिन ओसरीवर त्याच्या झुंजीच्या कोंबड्याला मांडीवर घेऊन त्याच्या पायांना तेल चोळत होता.

"पारे, सुगातची गोणी कोणाच्या निम्म्यातून येते?"

"गोणी आली ना, मारे? बी चांगली आहे ना?"

"बी चांगली आहे. कोणाच्या निम्म्यातून, ते विचारतेय."

"वाडीतल्यांच्या," तो अगदी सहज म्हणाला. "बाग माझी, त्यातून त्यांचीही थोडी भक्ती होते. त्यांनाही पुण्य लागतं की."

"आणि नाव तुमचं वाचतात."

"माझी बाग आहे, मारे. नाव काय झाडांचं वाचणार?"

"ती गोणी एमेची धाकटी फोडते. हात बघितलात तिचा?"

देल्फिनने कोंबडा खाली ठेवला. तो काही राक्षस नाही, हे मला इथे सांगायलाच हवं, मला तो आवडत नसला तरी. त्याचा चेहरा क्षणभर खरंच उतरला. मग तो म्हणाला, "मी कोणाच्या पोराच्या हातात कोयता दिलेला नाही. त्यांच्या घरात कोण काय करतं ते माझ्यावर कशाला? आणि तुम्हाला गोणी नको असेल तर खुशाल परत पाठवा. पण मग सुगातला लोकांना काय पाजणार, गरम पाणी? रोनिलो कुठे आहे सध्या?"

शेवटचं त्याने मुद्दाम विचारलं की सहज, ते त्यालाच ठाऊक. सेपा उठली. रोनिलो तेव्हा उत्तरेकडच्या थंड समुद्रात होता आणि गेल्या आठवड्यापासून त्याचा फोन नव्हता.

आम्ही घरी पोचायच्या आधीच बातमी वर वाडीत पोचली. संध्याकाळी एमेलिता धावतच खाली आली. अंगणातही शिरली नाही, कुंपणापाशी उभी राहिली.

"नांग, तुमच्या पाया पडते, गोणी परत पाठवू नका. नोंग देल्फिन तुम्हाला काही म्हणणार नाहीत. आम्हाला म्हणतील. म्हणतील, पोरगी घरातलं बाहेर सांगते. दुसऱ्या कोणाला बाग देतील."

"तिचा हात बघितलास का तू, एमे?"

"बघते की रोज," एमेलिता म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "तुम्हाला काय वाटतं, मला दिसत नाही? पहाटेपासून आम्ही दोघं बागेत. त्या गोणीचं काम कुठल्या वेळात करू ते सांगा, मी करते. मी नुसती पोरीला सांगते की दुखत नाही. दुसरं काय सांगू? आणि आता ती देवदूत होणारे, नांग. सगळं गाव मान वर करून तिच्याकडे बघणारे. तेवढं तरी होऊ द्या."

ती गेल्यावर सेपा मला म्हणाली, "गोणी घेतली तर पोरीचा हात. परत केली तर तिच्या घरची चूल. आणि सिक्वाते पाजलंच नाही तर माझा रोनिलो." मी म्हटलं फादरला विचार. तिने विचारलं. फादर तरुण आहेत, मनाने चांगले आहेत. ते म्हणाले, देव असा अडवणूक करणारा नाही, मी तुम्हाला या नवसातून मोकळं करतो. सेपाने त्यांचे आभार मानले आणि घरी येऊन मला म्हणाली, "मी नवस त्यांच्याशी कुठे केला होता?"

पुढचे काही दिवस ती गप्पच होती. गप्प सेपा म्हणजे काहीतरी शिजतंय. मग एका सकाळी ती परसात त्या दोन म्हाताऱ्या झाडांवर बांबू घेऊन चढलेली दिसली, या वयात. जी फळं उंदरांनी सोडली होती ती सगळी काढली. खाली बसून स्वतःच्या हाताने फोडली. मी मदतीला कोयता घेतला तर म्हणाली, "तू नको. हे माझं आहे." केळीच्या पानांत बिया आंबवायला ठेवल्या, मग चटईवर पसरल्या. सगळ्या मिळून माझ्या भाताच्या टोपलीत मावल्या असत्या.

आणि मग ती पुन्हा देल्फिनकडे गेली.

"पारे, तुमचं नाव झावळ्यांच्या रविवारी वाचलं जाईल," ती म्हणाली. "दर वर्षीसारखंच, परिवारासकट."

देल्फिनला काही कळेना. मलाही.

"गोणी मात्र तुमच्या गाडीवर घालून एमेच्या घरी परत पोचवायची. ती त्यांच्या निम्म्यातली आहे, ते विकतील नाहीतर पितील. आणि यापुढे माउलीच्या नावाने त्यांच्या निम्म्याला हात लावायचा नाही."

"आणि लोकांना पाजणार काय?"

"ते माझं मी बघीन."

देल्फिनने मनातल्या मनात मांडून पाहिलं असावं. त्याचं काहीच जात नव्हतं, उलट नाव मिळत होतं. "ठीक आहे," तो म्हणाला. "मारेचा शब्द म्हणून."

"आणि एमेच्या घरच्या कोणाला वाकडा शब्द गेला," सेपा जाता जाता माझ्याकडे बोट करून म्हणाली, "तर माइक हिच्या हातात असतो."

मी माझा चेहरा जमेल तितका भयंकर केला. पण वाटेत मात्र माझा संताप उतू गेला. "त्याने दिलं काय? काही नाही. आणि मी त्याचं नाव वाचू? माझी जीभ झडेल. त्यापेक्षा पोरीला हातमोजे देऊच नकोस. उघड्या हाताने चढव तिला मंचावर, बघू दे सगळ्या गावाला, मग बसू दे त्याला कॉलर ओढत."

सेपा थांबली. रागावली की ती अगदी हळू बोलते. "तिचा हात आहे तो, लुसिंग. तुझा फळा नाही, वाटेल ते लिहायला. तिला हातमोजे आवडलेत. इतकं पांढरं काही तिने आजवर घातलेलं नाही." मग चालता चालता म्हणाली, "त्याला नाव हवंय, एमेला गोणी. दोघांनाही देता येतंय. नाव द्यायला माझं काय जातं?"

झावळ्यांच्या रविवारी मी नाव वाचलं. दात आवळून वाचलं, पण वाचलं. देल्फिनने कॉलर नीट केली. मागच्या बाकावर एमेलिता मान खाली घालून बसली होती, तिच्या घरी गोणी पोचली होती.

सुगातच्या पहाटे आम्ही काळी ओढणी घेतलेल्या माउलीबरोबर चौकात आलो तेव्हा पुरुष आधीच पोचले होते. जोनाफे मंचावर होती. पंख थोडे तिरके, झगा पायघोळ, आणि दोन्ही हात पांढरेशुभ्र. ती गायली. काय गायली म्हणून सांगू. माझ्या शेजारच्या, तोंड वाकडं केलेल्या आईनेही नाक पुसलं. गाणं संपवून ती वाकली, डाव्या हाताने कठडा धरला आणि उजव्या हाताने ओढणी धरून ओढली.

निघाली नाही. मुकुटाच्या टोकात अडकली होती. दोन हातांनी उचलायला हवी होती. तिने कठडा सोडून डावा हात पुढे केला, पण आत फडकं बांधलेलं, वरून जाळी, बोटांना काही पकडताच येईना. ओढणी निसटली. चौकभर हाय उमटली आणि एक म्हातारी वादळाचं नाव पुटपुटलीसुद्धा.

मी सेपाकडे पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. सगळ्यांना वर्षाची काळजी होती, तिला एकाच जहाजाची. तिने गोणी परत केली होती आणि आता माउली ओढणी देत नव्हती. ती काय समजून चुकली असेल ते मला कोणी सांगायला नको होतं. मी तिचा हात धरला.

वर जोनाफेने डाव्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला. फडकंही निघून आलं. तिने उघड्या हाताने मुकुटावरचं कापड मोकळं केलं, दोन्ही हातांनी ओढणी उचलली आणि उंच धरली. घंटा वाजली, फटाके उडाले. आणि जे मान वर करून बघत होते त्या सगळ्यांना तो तळहात दिसला, मंचावरच्या दिव्याच्या उजेडात, नीट. कोकोवाल्यांचं गाव आहे आमचं. तसल्या चिरा कशाने होतात हे इथे कोणाला सांगावं लागत नाही. फटाके संपल्यावर नेहमीचा गलका झाला नाही. पुरुषांच्या बाजूला देल्फिन उभा होता, त्याने टोपी काढून हातात घेतली होती. एमेलिता हातांनी तोंड झाकून रडत होती.

मिरवणूक सेपाच्या अंगणात आली. मोठं पातेलं चुलीवर होतं आणि सेपा दोन तळव्यांत रवी फिरवत होती. पहिला पेला ज्याच्या हातात गेला तो प्यायला आणि त्याने पेल्यात वाकून बघितलं. दुसऱ्याने बघितलं. पातेलंभर पाण्यात टोपलीभर बिया, फेस काढून काढून किती काढणार? खरा कोको होता, पावडरीचा कणही नव्हता. पण तळ दिसेल इतका पातळ.

आमचं गाव पहाटेही फार वेळ गप्प राहू शकत नाही. "पारे देल्फिन," मागून कोणीतरी म्हणालं, "यंदा गोणीत बिया होत्या की वारा?"

"नाव तर परिवारासकट वाचलं होतं," दुसरा म्हणाला. "परिवाराने आधीच चाखला वाटतं."

देल्फिन लाल झाला. गोणी मी परत नेली म्हणावं, तर का नेली ते सांगावं लागणार. का नेली ते सांगावं, तर तो हात आत्ताच सगळ्यांनी पाहिलेला. मी सेपाकडे बघितलं. तिने मान वर केली नाही, रवी फिरवत राहिली. तिने हे आधीच ठरवून ठेवलं होतं का, ते मी तिला आजवर विचारलेलं नाही, आणि विचारलं तर ती माझ्या मांडीवर सूप ठेवेल.

शेवटी देल्फिन पातेल्यापाशी आला. "पुढल्या वर्षी गोणी पाठवतो, मारे," तो हळू म्हणाला. "माझ्या निम्म्यातली."

"पाठवा," सेपा म्हणाली. "पण फोडायला मी येणार. कोण फोडतंय ते मला बघायचंय."

त्याने मान डोलावली, पेला घेतला आणि कोपऱ्यात जाऊन प्यायला.

जोनाफे सगळ्यांत शेवटी आली. पंख काढलेले, उजव्या हातात अजून मोजा, डावा उघडा. सेपाने तिचा तळहात उलटा करून बघितला, जखम पुन्हा उघडली होती. तिने तो धुतला, नवं फडकं बांधलं, आणि बांधताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. रोनिलोचा फोन अजून आला नव्हता. तो मंगळवारी आला, पण ते त्या वेळी कोणाला माहीत होतं?

मग तिने पेला भरून पोरीला दिला. पोर बाकावर बसून प्यायली. वरच्या ओठावर फेस घेऊन, तज्ज्ञासारखी मान तिरकी करून तिने विचार केला.

"पातळ आहे, लोला," ती म्हणाली.

"हो ग," सेपा म्हणाली. "माझ्या वाट्याचा एवढाच होता."

आणि स्वतःसाठी बाजूला ठेवलेला पेला तिने पोरीकडे सरकवला.